सरवा वेचणाऱ्या बाया

शेतकऱ्याचं चित्र समोर आलं की मी आधी त्याचे पाय बघतो. तोंड नंतर. तोंडावर चित्रकार पाहिजे तो भाव आणू शकतो. हसू आणेल, डोळ्यांत पाणी आणेल. पायाचं तसं नाही. टाचेच्या भेगा, काट्याचे जुने वण, नखाखाली मुरलेली माती हे ज्यानं जवळून बघितलंय त्यालाच काढता येतं. आणि बघितलेलं असूनही ज्यानं गाळलं, त्याला विकत घेणाऱ्याची मर्जी सांभाळायची असते.

आमच्या पुतण्याची थोरली पोर चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. सुट्टीला आली की तिची जाडजूड पुस्तकं ओसरीवर पडलेली असतात. त्यातल्या एका पुस्तकात फ्रान्स देशातली दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत आणि त्यातली निम्मी रानातली आहेत. कापणी, मळणी, नांगरट, गुरं राखणाऱ्या पोरी, सरवा वेचणाऱ्या बाया. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी मजकूर पोरीनं वाचून सांगितला, नावं कशी म्हणायची तेही शिकवलं. दोन-तीन उन्हाळे आमचं हेच चाललंय. अशा वेळी आपल्यासारख्या माणसानं "मला चित्रातलं काय कळतंय" असं म्हणायची रीत आहे. मी ती रीत पाळणार नाही. ही चित्रं माझ्या धंद्याची आहेत. विळा कसा धरतात, ओझं कसं उचलतात आणि दिवसभर वाकल्यावर पाठ कशी धरते, हे मला रंग कालवणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आधी त्या काळाचं थोडं सांगतो. पॅरिसमध्ये चित्रकलेची सरकारी अकादमी होती आणि तिच्या वळणाची शाळा होती. तिथं शरीर कसं काढायचं, रंग कसा गुळगुळीत लावायचा, कुठला विषय थोर आणि कुठला हलका, हे सगळं ठरलेलं असे. देव, राजे, लढाया, पुराणकथा वरच्या पंगतीला. शेतकरी खालच्या. सलोन नावाचं मोठं प्रदर्शन भरायचं आणि तिथं चित्र लागलं तर चित्रकाराचं नाव व्हायचं, गिऱ्हाईक मिळायचं. मग 1848 साली तिथं क्रांती झाली, राजा पळाला आणि सगळ्या मोठ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. देशातली बहुतेक माणसं खेड्यात राहणारी. म्हणजे एका दिवसात शेतकरी हा मोजण्याचा माणूस झाला. त्याच सालच्या डिसेंबरात लुई नेपोलियन खेड्यांच्या मतांवर अध्यक्ष झाला आणि पुढं 1852 ला सम्राट होऊन बसला. शहरातल्या पैसेवाल्याला आता एकच घोर. हा शेतकरी शांत आहे का? की कुदळ घेऊन आपल्या दारात येणार आहे? ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला भिंतीवर टांगायला पाहिजे होतं, आणि चित्रकारांनी ते पुरवलं.

सगळ्यांत गोड उत्तर बुगरो नावाच्या चित्रकारानं दिलं. विल्यम बुगरो, जन्म 1825, गाव ला रोशेल, समुद्राकाठचं. अकादमीचा लाडका. आठशेच्या वर चित्रं त्यानं केली. हाताला काय सफाई! कुंचल्याचा फराटा कुठं दिसायचा नाही. कातडी अशी की बोट लावलं तर ऊब लागेल. 1889 सालचं त्याचं एक चित्र आहे, गुराखी पोरीचं. पोर उभी आहे, काठी मानेमागनं दोन्ही खांद्यांवर आडवी टाकलीय आणि हात त्या काठीवर ठेवलेत. मागं गुरं चरतायत. ही ढब अगदी खरी. गुरं राखताना मीही असाच उभा राहायचो. काठी अशी घेतली की खांद्याला विसावा मिळतो. म्हणजे बुगरोनं पोरी बघितलेल्या आहेत, तो आंधळा नव्हता.

पण पाय! हे चित्र आमच्या मंडळींना दाखवलं. त्या चाळीस वर्षं रानात राबलेल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, पोरगी अनवाणी हाय म्हणताय, मग पाय असं कसं? चप्पल आत्ताच काढून ठिवलीया जणू."

एवढं बोलून त्या भाकरी थापायला गेल्या. माझ्या मते बुगरोवर यापेक्षा नेमकं कुणी बोलू नये. गुरामागं हिंडलेल्या पोरीचा पाय असा नसतो. तो चप्पल काढून उभ्या केलेल्या पोरीचा पाय आहे. तिची झंपर फाटकी आहे, पण ते फाटणंसुद्धा नीटनेटकं. हात बघा, नख बघा. सगळं धुतलेलं. 1882 सालच्या दुसऱ्या एका चित्रात दोन लहान पोरी गवतात बसून-लवंडून वेचलेल्या शेंगदाण्यासारख्या फळांचा हिशेब करतायत. तिकडं त्या फळाला हेझलनट म्हणतात. तिकडचं गवत मऊ असेल, आपल्यासारखी कुसळं टोचत नसतील. तरी वेचायला गेलेल्या पोरांच्या अंगावर ओरखडे असतात, केसांत काडीकचरा असतो आणि घरी किती न्यायचंय याचा धाक डोळ्यांत असतो. इथं काही नाही. वेळच वेळ आहे.

ह्या चित्रांच्या बाजूला त्या मुलखाची खबर ठेवून बघा. ला रोशेलच्या आसपासचा सगळा भाग द्राक्षाचा. बुगरोचं घराणंही दारू आणि तेलाच्या व्यापारातलं. 1870 नंतरच्या वर्षांत त्या भागात फायलोक्सेरा घुसला. ही मावा-तुडतुड्यासारखी बारीक कीड, अमेरिकेतनं आलेली. ती वेलीच्या मुळ्या खाते. वर पानं पिवळी पडतात, तोवर खाली खेळ संपलेला असतो. गावंच्या गावं उजाड झाली. शेवटी अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आपल्या तासगाव-नाशिककडच्या बागायतदाराला खुंट-कलमाचं वेगळं सांगायला नको. त्याच सुमाराला अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजं भरभरून यायला लागला आणि तिथल्या गव्हाचा भाव पडला. ओरड इतकी झाली की 1892 साली फ्रान्सच्या सरकारला परदेशी मालावर जबर जकात बसवावी लागली. त्याच्या आदल्या साली, 1891 ला, बुगरोनं "फुटलेला घडा" हे चित्र केलं. विहिरीजवळ एक पोर हात गुंफून बसलीय, शेजारी मातीचा घडा फुटून पडलाय आणि ती आपल्याकडं बघते. सगळ्या शेतकरी मुलखाचा घडा फुटला होता त्या दहा-वीस वर्षांत. चित्रात फुटला तो एका पोरीचा, आणि तोही बघणाऱ्याला तिची माया यावी एवढ्यापुरता.

कुणी म्हणेल, चित्रकारानं काय वर्तमानपत्र काढायचं होतं का? नाही. सुंदर काढायला कुणाचीच ना नाही. पण ही चित्रं घेत कोण होतं ते बघा. बुगरोची कितीतरी चित्रं पॅरिसच्या गुपिल नावाच्या पेढीमार्फत थेट अमेरिकेच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेली. ज्या देशाच्या गव्हानं फ्रान्सच्या शेतकऱ्याचा भाव पाडला, त्याच देशातल्या पैसेवाल्याच्या भिंतीवर फ्रान्सची शेतकरी पोर गोड चेहऱ्यानं उभी. तिची काही तक्रार नाही. तिला काही विकायचं नाही. गुरं चरतायत, ऊन कोवळं आहे.

आता दुसरा चित्रकार घेतो. ज्यूल ब्रतों, जन्म 1827, उत्तरेकडच्या कुरिएर गावचा. हा बुगरोपेक्षा कितीतरी खरा. गावात वाढलेला, गावातच राहिलेला, बायांना ओळखणारा. त्याचं 1859 सालचं मोठं चित्र आहे, सरवा वेचणाऱ्या बायांना हाक मारून परत बोलावतायत ते. सरवा शहरातल्या वाचकाला माहीत नसेल म्हणून सांगतो. पीक काढून नेल्यावर रानात जी चुकार कणसं, ओंब्या, शेंगा राहतात तो सरवा. ज्याच्याकडं रान नाही ती माणसं तो वेचतात. फ्रान्सातही हीच चाल होती, फक्त तिथं ती कायद्यात बसवलेली. सगळं पीक उचलल्याशिवाय रानात पाय ठेवायचा नाही. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर वेचायचं नाही. मोडलं तर दंड. म्हणून राखणदार.

ब्रतोंच्या चित्रात दिवस मावळलाय. आभाळात चंद्राची कोर आलीय. बाया रानातनं निघाल्यात, कुणाच्या डोक्या-खांद्यावर पेंढी, कुणाच्या ओट्यात ओंब्या. अनवाणी, फाटके कपडे, पण उभ्या कशा, तर राजाच्या दरबारात निघाल्यासारख्या. एका बाजूला राखणदार दगडाला टेकून, तोंडाजवळ हात धरून हाक मारतोय. नेपोलियन सम्राटाला हे चित्र इतकं आवडलं की त्यानं ते विकत घेतलं. आता ते पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे.

ह्या चित्रापाशी मी खूप वेळ थांबतो, कारण ह्यात निम्मं खरं आहे आणि ते निम्मं फार खरं आहे. शहरातली माणसं त्या बायांची ताठ मान बघून म्हणत असतील, काय ऐट, काय खानदानी चाल. अहो, डोक्यावर ओझं असलं की मान ताठच ठेवावी लागते. मान वाकडी झाली तर ओझं पडतं, नाहीतर शीर धरते. पाय मोजून टाकावा लागतो, कंबर हलती ठेवावी लागते. माझी आई जळणाचा भारा घेऊन यायची तेव्हा लांबनं अशीच दिसायची. तिच्याएवढी देखणी चाल मी पुन्हा बघितली नाही. ती ऐट ओझ्याची होती. ब्रतोंनं ऐट काढली आणि ओझं हलकं केलं. त्या पेंढीचं वजन बाईच्या मानेत दिसत नाही, दंडात दिसत नाही. दिवसभर वाकून वेचल्यावर बाई लगेच सरळ होत नाही. आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग कंबरेवर, आणि तोंडानं "आई गं" म्हणते. त्या चित्रात "आई गं" कुठं नाही.

आणि तो राखणदार. तो संध्याकाळचाच एक भाग होऊन गेलाय, चंद्रकोरीसारखा. त्याची हाक जणू देवळाची घंटा. इथं मला गप्प बसवत नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आईबरोबर भुईमुगाचा सरवा वेचायला जायचो. भुईमूग काढून झाला की रानात नांगर-कुळव फिरतो आणि त्यातनं उरलेल्या शेंगा वर येतात. ढेकळं फोडायची आणि शेंग शेंग करून ओटीत टाकायची. दिवसभरात ओटी भरली तर भरली. एका संध्याकाळी रानाचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "पलीकडची पात अजून काढायची हाय. तिथं हात घातलास का?" आई नाही म्हणाली. तो म्हणाला, "ओटी झाड." तिनं भरल्या रानात, चार बायांपुढं ओटी झाडली. शेंगा मातीत पडल्या. त्यानं पायानं चाळवून बघितलं आणि निघून गेला. आईनं सगळ्या शेंगा परत वेचल्या. मी मदत करायला वाकलो तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे." अंधार पडायला आला होता. चंद्राची कोर होती का नव्हती, ते माझ्या ध्यानात नाही.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. तो वाईट माणूस म्हणूनही ओळखला जात नव्हता. मुद्दा असा की सरव्याच्या रानात बांधावर कुणीतरी उभा असतोच आणि त्याच्या हाकेला वेचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ब्रतोंच्या चित्रातल्या एकाही बाईच्या पोटात गोळा आलेला नाही. म्हणून सम्राटाला ते घरात लावता आलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1857 ला, दुसऱ्या एकानं सरव्याचं चित्र सलोनमध्ये लावलं होतं. झाँ-फ्रांस्वा मिले. नॉर्मंडीतल्या ग्रूशी नावाच्या वाडीत 1814 ला जन्मलेला, शेतकऱ्याचा पोर, स्वतः रानात राबलेला. पुढं पॅरिसजवळच्या बार्बिझों गावी जाऊन राहिला. त्याचं चित्र ब्रतोंच्या चित्राच्या मानानं लहान, पावणेदोन हात उंचीचं म्हणा ना. त्यात तीन बाया. दोघी कंबरेत वाकलेल्या. तिसरी अर्धवट उठलेली, म्हणजे नुकती सरळ होतीय किंवा पुन्हा वाकतीय. तोंडं धड दिसत नाहीत. डाव्या बाजूची बाई बघा. तिनं एका हातानं वेचत दुसरा हात पाठीवर टाकलाय आणि त्या हातात ओंब्यांची जुडी धरलीय. हे ज्यानं वेचलंय त्यालाच सुचतं. वाकल्यावर हातातली जुडी मातीला लागू नये आणि कंबरेला टेकूही मिळावा म्हणून हात तसा मागं जातो. सरवा वेचणारी पाठ मी चित्रात पहिल्यांदा बघितली ती इथं.

त्या चित्राच्या मागच्या बाजूला, लांबवर, गव्हाच्या मोठ्या सुड्या आहेत, भरलेली गाडी आहे, कापणीवाल्यांची गर्दी आहे. सगळ्यावर सोन्यासारखं ऊन. एवढं पीक आलंय त्या साली! आणि पुढं ह्या तिघी ओंबी ओंबी करून वेचतायत. मिलेनं दुष्काळ दाखवला नाही, सुगी दाखवली. भरल्या सुगीत तीन बायांना कंबर मोडून चुकार ओंब्या का वेचाव्या लागतात, एवढं त्यानं समोर ठेवलं. बोलला काहीच नाही. तरी पॅरिसचे काही टीकाकार दचकले. त्यांना त्या तीन वाकलेल्या बायांच्या मागं 1793 सालच्या क्रांतीचे भाले आणि फाशीचे खांब दिसायला लागले. तीन म्हाताऱ्या बाया, हातात ओंब्या, आणि घाबरले कोण, तर बग्गीतनं हिंडणारे! चित्रातला हिशेब कळल्याशिवाय माणूस असा घाबरत नाही.

मिलेच्या चित्रांच्या किमतीची गोष्ट तर कुठल्याही कांदेवाल्याला आपली वाटेल. हे सरव्याचं चित्र त्यानं 4,000 फ्रँक सांगितले, घासाघीस होऊन 3,000 ला गेलं. त्याचंच "अँजेलस" नावाचं चित्र आहे, बटाट्याच्या रानात संध्याकाळच्या घंटेला नवरा-बायको मान खाली घालून उभे आहेत ते. ते पहिल्यांदा असंच थोडक्यात विकलं गेलं. मिले 1875 ला गेला. 1889 ला तेच चित्र लिलावात साडेपाच लाख फ्रँकांच्या वर गेलं. मधल्या मधे हात बदलत गेले, किंमत चढत गेली आणि ज्यानं पिकवलं त्याच्या घरी काही आलं नाही. अशा गोष्टींवर ओरड होऊन 1920 साली फ्रान्सनं कायदा केला. चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यातला हिस्सा. चांगला कायदा. बाजार समितीतल्या मालाला लागू झाला तर बघायला आवडेल.

आता इथं कुणाला वाटेल, म्हणजे शेतकरी वाकलेला, थकलेला, फाटका दाखवला की चित्र खरं आणि ताठ, देखणा दाखवला की खोटं. असं माझं म्हणणं नाही. मिलेचंच एक चित्र आहे, कुदळीवर रेललेल्या माणसाचं, 1863 च्या सलोनमध्ये लागलेलं. काटेरी पडीक रान, माणूस दमून तोंड वासून उभा. चित्र जबरदस्त आहे. पण ते बघून कितीतरी लोकांनी ठरवून टाकलं की शेतकरी म्हणजे बैलाचा भाऊ, त्याला डोकं नाही. दया करणाराही कधी कधी आपल्याला जनावर करून टाकतो. कुदळ मारताना मी दमतो, तोंड वासतो, हे खरं. पण पाणी पिऊन बसलो की मी पोराच्या फीचा विचार करतो, शेजाऱ्याची चेष्टा करतो, ढगाकडं बघून गाणंही म्हणतो. तेही चित्रात यायला पाहिजे.

म्हणून ब्रतोंच्या 1884 सालच्या चित्राला मी टाकाऊ म्हणत नाही. "चंडोलाचं गाणं" असं त्याचं नाव. तांबडा सूर्य वर येतोय. एक तरुण बाई रानाच्या वाटेवर थांबलीय, हातात विळा आहे. मान वर करून, ओठ जरासे उघडे ठेवून ती ऐकतेय. पक्षी ऐकू येतोय, तो शोधायचं काम आपलं. आणि ह्या बाईचे पाय बघा. दणकट, रुंद, जमिनीत रुतलेले. हे पाय बुगरोच्या घरचे नाहीत. 1934 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं कौल घेतला, तेव्हा अमेरिकेतलं लोकांचं सगळ्यांत लाडकं चित्र म्हणून हेच निवडलं गेलं. का निवडणार नाहीत? कामावर जाताना पाखराचा आवाज ऐकून क्षणभर थांबणं हे कुठल्याही शेतकरी बाईचं आहे. ते बघणारा चित्रकार माझ्या बाजूचा. एवढंच, की पलीकडं सूर्य वर आला की दुसरीही एक हाक येते, "थांबलीस का गं?" ती ब्रतोंला ऐकू येत नाही.

व्हॅन गॉगचं नाव आपल्याकडं पुष्कळांना माहीत आहे. त्याला ब्रतों आणि मिले दोघंही फार आवडायचे. 1880 साली हा फाटका माणूस पायी चालत कुरिएरला गेला, ब्रतोंला भेटायला. तिथं ब्रतोंचा नवा विटांचा स्टुडिओ बाहेरनं बघितला आणि आत न जाता तसाच परत फिरला. पाच वर्षांनी त्यानं बटाटे खाणाऱ्या माणसांचं चित्र केलं. दिव्याखाली पाच जण आणि त्यांचे गाठाळलेले हात. ते हात त्याला त्या विटांच्या बंगल्यात शिकायला मिळाले नसते असं मला वाटतं.

अकादमीचं ते गुळगुळीत वळण आपल्याकडंही आलं. इंग्रजांनी मुंबईत 1857 ला काढलेल्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकवलं गेलं. राजा रविवर्म्यानं त्याच तेलरंगाच्या तऱ्हेनं आपले देव काढले आणि 1894 ला मुंबईत छापखाना टाकला. तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापातली लक्ष्मी-सरस्वती आमच्या गावातल्या मातीच्या भिंतींवरही होती. देवांना ती कातडी शोभली. देवाच्या पायाला भेगा नसतातच. पंचाईत झाली ती पुढं, तीच कातडी खताच्या आणि बियाणाच्या कॅलेंडरवरच्या शेतकऱ्याला चढवली तेव्हा. पांढरंशुभ्र धोतर, तांबडा पटका, बैल धुतलेले, कारभारीण भाकरीची पाटी घेऊन हसत येतेय, कणीस मनगटाएवढं. बुगरोची पोर आणि हा शेतकरी सख्खे बहीण-भाऊ.

आणि मग त्याला नावं तशीच. बळीराजा. अन्नदाता. जगाचा पोशिंदा. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आलीय. हे शब्द सभेत जितके जोरात येतात तितका त्यानंतर भावाचा विषय काढायला संकोच वाटतो. दात्यानं भाव कसा मागायचा? राजानं कर्जमाफीच्या रांगेत कसं उभं राहायचं? देव्हाऱ्यात बसवलेल्याला भूक लागली असं म्हणता येत नाही. कांद्याला दर मागायला आम्ही रस्त्यावर बसलो की गाडीतनं जाणारी माणसं अशा तोंडानं बघतात, जणू कॅलेंडरवरच्या माणसानं त्यांना फसवलं. मनातला शेतकरी हसरा आणि समाधानी असतो ना. हा कोण घामट, हिशेब मागणारा?

बुगरो आणि ब्रतोंच्या चित्रांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. त्यांनी आम्हाला देखणं काढलं याचा राग नाही. आमच्या बायका देखण्या होत्याच. त्यांनी देखणेपणाच्या बदल्यात आमचं येणं सोडून दिलं. चित्रातल्या शेतकऱ्याला कुणी काही देणं लागत नाही. विकत घेणाऱ्यानं पैसे दिले ते चित्रकाराला. पोरीकडं बघून त्याला बरं वाटलं आणि तिचं खातं तिथंच मिटलं.

शिकलेली पोरं आता परदेशात जातात, म्युझियमं बघतात. आमच्या पुतण्याची पोरही जाईल कधीतरी. तिला मी एक सांगून ठेवलंय आणि तुम्हालाही सांगतो. असल्या चित्रासमोर उभं राहिलात की पाय बघा, मग पाठ बघा, आणि शेवटी रानाचा धनी किंवा त्याचा माणूस कुठं उभा आहे ते शोधा. बुगरोच्या चित्रात तो नसतो. ब्रतोंच्या चित्रात तो दगडाला टेकलेला सापडेल. मिलेच्या सरव्याच्या चित्रात उजव्या हाताला, अगदी मागं, सुड्यांच्या बाजूला बघा. घोड्यावर बसलेला एक माणूस आहे, बोटाच्या पेराएवढा. पुस्तकातल्या छापात तर भिंग लावावं लागतं. तो कापणीवर नजर ठेवून आहे. तिघींपैकी एकीनंही त्याच्याकडं मान वळवलेली नाही, पण तो कुठं आहे हे त्यांना पाठीला डोळे असल्यासारखं ठाऊक असणार.